तिऱ्हाइताचा कान

६ जानेवारी

प्रिय आत्या,

पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकी उघडते, नळाला गरम पाणी येतं आणि इथलं जेवण तुझ्या हातच्यापेक्षा बरं आहे. (राग आला ना? म्हणजे पत्र नीट वाचतेयस.)

फोन करत नाही म्हणून कुरकुर करू नकोस. अट तुझीच आहे. "फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस. सहा आठवडे कागदावर बोल, म्हणजे निदान माझी पाळी तरी येईल," असं तू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणालीस. लहानपणी माझं नाव टकळी तूच ठेवलंस, आणि त्याच टकळीवर मी पोट भरते: न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करते. सतरा वर्षं झाली.

वर्गात आम्ही बारा जण आहोत. सगळे स्पीच थेरपिस्ट, सगळे मुरलेले, सगळे आपापल्या घरचे शहाणे. शिकवणारी बाई माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. गळ्यात कायम स्टॉपवॉच. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मुलांशी कसं वागायचं हे तुम्हाला शिकवण्याइतकी मी मोठी नाही. पण तुम्ही जे करता त्याचा उपयोग होतो का, हे मोजायला मी शिकवणार आहे." मी तिला घड्याळबाई म्हणते, मनातल्या मनात. कितीतरी मुलं माझ्या खोलीत मुकाट आली आणि बडबडत बाहेर पडली, त्यात मोजायचं काय? पण या प्रगत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मला हवंय, तेव्हा म्हटलं मोजू.

प्रत्येकाने आपल्याकडच्या एका मुलाचं रेकॉर्डिंग बरोबर आणायचं होतं. मी अर्थातच आमच्या फौजदाराचं आणलंय. तू तिला पाहिलेलं नाहीस, पण तिच्या आईला ओळखतेस. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर असते, कपडे दुरुस्तीला तुझ्याकडेच टाकते. पोरगी पाच वर्षांची. कान ठीक, जीभ ठीक, अक्कल चार जणांना वाटून उरेल एवढी. पण मेंदूने ओठांना आणि जिभेला सोडलेला हुकूम वाटेतच चुकतो. काय म्हणायचंय ते तिला पक्कं माहीत असतं, तोंडातून भलतंच निघतं, आणि तोच शब्द दर वेळी वेगळा निघतो. स्वतःचं नाव तर तिला अजिबात जमत नाही. चार अक्षरांचं नाव, त्यात दोन जोडाक्षरं; ठेवताना आईबापांना काय ठाऊक! म्हणून ती बोट दाखवून सगळ्यांना कामाला लावते आणि मी तिला फौजदार म्हणते. आली तेव्हा तिला तीन शब्द येत होते. आता दीड वर्षानंतर आम्ही दोघी चक्क गप्पा मारतो.

तिला आता शाळेत घालायचंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलीचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळतं असं तुमच्या सहीचं पत्र द्या, मी तिला नेहमीच्या वर्गात घेते. पत्र टाइप होऊन माझ्या बॅगेत आहे. सही तेवढी राहिलीय.

आता तुझं काम. घड्याळबाईचा नियम असा, की ज्याने मुलाला कधीच ऐकलेलं नाही अशा तिऱ्हाइताला रेकॉर्डिंग ऐकवायचं. फौजदाराने चित्रं बघून म्हटलेले वीस शब्द आहेत. सोबत छोटं यंत्र पाठवलंय, त्याला एकच बटण आहे. एकेक शब्द फक्त एकदा ऐकायचा, कळला तो कागदावर लिहायचा, नाही कळला तर रेघ मारायची. चौदा बरोबर आले की मी सही करून मोकळी. या कामाला तुझ्याइतकं भरवशाचं माणूस दुसरं नाही. मापात एका सुताचा फरक तू खपवून घेत नाहीस.

तुझी
टकळी


११ जानेवारी

टकळे,

आशीर्वाद. जेवणाबद्दल तू परत आल्यावर बोलू. आधी दोन दिवस उपाशी ठेवीन, मग बोलू.

यंत्र पोचलं. मी दुकानात नव्हते म्हणून पोस्टमन ते शेजारी बटणवाल्याकडे टाकून गेला. बटणवाल्याने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "तुमचं." बस. वीस वर्षांचा शेजार आहे, पण याहून लांब वाक्य त्याच्या तोंडून निघाल्याचं मला आठवत नाही. त्याचा खाक्या तुला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाने एकदा सांगायचं, त्याने एकदा ऐकायचं. कळलं नाही की "पुढचा!" मग मागे कुणी असो वा नसो. दुकानात नसलेली वस्तू मागितली तर वस्तू आणि मागणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून खिळ्याला टोचतो. तुसडा मेला, पण त्या खिळ्यावरची चिठ्ठी चुकलेली मी अजून पाहिली नाही.

तर तुझा कागद. सोबत जोडलाय. सतरा शब्द लिहिलेत, तीन रेघा आहेत. पोरगी चांगली बोलते गं! लोक उगाच त्या आईला घाबरवतात. माझे कान अजून शाबूत आहेत हेही या निमित्ताने कळलं. म्हातारपणाची जरा धास्तीच होती.

तिची आई परवा कोटाची चेन बदलायला आली होती. शाळेचं बोलताना बाईचा चेहरा असा फुलला की मी कोट हातात धरून बघतच राहिले. म्हणाली, "काकू, ताईंच्या हाताला यश आहे." मला फार बरं वाटलं. आपल्या पोरीचं कौतुक कुणाला नको असतं?

त्या घड्याळबाईला सांग, सतरा वर्षं म्हणजे सतरा दिवस नव्हेत. ताठ मानेने प्रमाणपत्र घे आणि ये.

तुझी
आत्या


१९ जानेवारी

प्रिय आत्या,

सतरा! लिहिलेले सतराच्या सतरा बरोबर निघाले. पाकीट जिन्यातच फोडलं आणि तिथल्या तिथे उडी मारली. वरून येणारे आमच्या वर्गातले एक गृहस्थ भिंतीला चिकटले. टक्कल पडलेले, गंभीर, तोतरेपणावर दोन पुस्तकं लिहिलेले. त्यांना वाटलं, मला झटका आला.

पण पुढचं ऐक. घड्याळबाईने आम्हाला न सांगता सगळी रेकॉर्डिंगं इथल्याही दोघांना ऐकवली. एक फाटकावरचा पहारेकरी आणि एक स्वयंपाकघरातल्या बाई. फौजदाराचे वीसपैकी चार शब्द पहारेकऱ्याला कळले. स्वयंपाकाच्या बाईंना सहा. घड्याळबाईने तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "तुमच्या आत्यांनी प्रत्येक शब्द किती वेळा ऐकला?"

"एकदा."

"नक्की?"

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि भर वर्गात म्हणाले, "माझी आत्या चाळीस वर्षं कपडे शिवतेय. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं तर 'श्वास सोडा, नाहीतर घरी जा' म्हणते. तिने खोटं माप लिहिलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?" घड्याळबाई शांतपणे म्हणाली, "मी फक्त किती वेळा, ते विचारलं." आणि पुढच्याच्या कागदांकडे वळली.

एवढ्यावर थांबली असती तर ती घड्याळबाई कसली! माझा अर्ध्या तासाचा व्हिडिओ लावून तिने स्टॉपवॉच चालू केलं. त्यात म्हणे मी चोवीस मिनिटं बोलते आणि मुलीला तोंड उघडायची संधी फक्त बावीस वेळा मिळते. बावीस काय थोड्या झाल्या? आणि मी बोलले नाही तर मूल शिकणार कुणाकडून, भिंतीकडून?

माझा निर्णय झालाय. पहारेकऱ्याचे कान त्या फाटकाच्या करकरीने गेले असणार. येत्या तीस तारखेला शाळेच्या पत्रावर सही करून मी ते पाठवून देणार. तुझा कागद माझ्याजवळ आहे, तेवढा मला पुरे.

तुझी
टकळी


२३ जानेवारी

टकळे,

सही करू नकोस. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

मी एकदा ऐकलं नाही. अकरा वेळा ऐकलं.

पहिल्या खेपेला मला पाच शब्द कळले. बाकी कागदभर रेघा. मला वाटलं, माझाच कान गेला. म्हणून पुन्हा ऐकलं. तिसऱ्या खेपेला आठ झाले, सातव्या खेपेला अकरा. दुकानाचं दार लोटून यंत्र कानाला लावून बसले होते, गिऱ्हाइकं काचेवर टकटक करून परत गेली. अकराव्या खेपेला चौदा झाले. तेवढ्यात ती आई चेन बदलायला आली. मी आपलं सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, त्या चित्रांमध्ये असतं तरी काय काय?" तिने हौसेने सगळं सांगितलं. त्यातले तीन माझ्या रेघांमध्ये बसले. बाकीचेही बसवता आले असते, पण वीसच्या वीस आले तर कुणाला संशय येईल म्हणून तीन रेघा तशाच ठेवल्या. एवढी मी पक्की!

का केलं, ते सांगते. तू सतरा वर्षं घासून काम केलंस आणि आता कुणी तुला नापास म्हणावं, हे मला सोसलं नसतं. त्या आईचा फुललेला चेहराही डोळ्यांपुढे होता. दोघींचं भलं करतेय असंच मला वाटलं. मग तुझं पत्र आलं. माझ्यासाठी तू भर वर्गात उभी राहिलीस हे वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. त्या दिवशी कापड बेतलं नाही. लाज वाटली मला, टकळे. या वयात वाटली, आणि चांगलीच वाटली.

माप घेताना माया धरायची नसते, ती कापड बेतताना शिवणीपुरती धरायची, हे शिकायला येणाऱ्या मुलींना मी ओरडून ओरडून सांगते. आणि स्वतः काय केलं?

आणखी एक सांगते, तुझ्या कामाला येईल तर बघ. अकराव्या खेपेला ती पोरगी काही चांगली बोलायला लागली नव्हती. यंत्रातला आवाज तोच होता. मीच तिचं बोलणं ओळखायला शिकले होते. तुझ्या पहारेकऱ्याचे कान ठणठणीत आहेत, त्याला दोष देऊ नकोस.

रागाव. हवं तर फोन कर, मी मधे बोलणार नाही.

आत्या


३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, तो राग होता. आता उतरला. सही केलेली नाही.

तुझ्यावर चिडून चिडून कंटाळले तेव्हा मी माझा तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी एकटीने. तू अकरा वेळा ऐकलंस. मी दीड वर्ष ऐकतेय, आठवड्यातून तीन दिवस. मग कुणाचा कान जास्त बिघडलाय? पोरगी काहीतरी म्हणते, ते नीट निघायच्या आतच मी म्हणते, "हो हो, कळलं, चेंडू ना?" ती मान हलवते. संपलं. पुन्हा म्हणायची तिला गरजच राहत नाही, कारण टकळीला सगळं कळतं. चौदाव्या मिनिटाला तर ती स्वतःचं नाव सांगायला निघाली होती. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मी किती थांबले असेन? दोन सेकंद. मग तिचं नाव मीच म्हणून टाकलं आणि वर टाळ्या वाजवल्या. आत्या, ते बघवलं नाही मला. रडले. ती थांबून थांबून दार उघडू बघतेय आणि मी दर वेळी आतून धावत येऊन उघडतेय.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले. म्हटलं, "अकरा वेळा. आणि आईकडून तीन शब्द विचारून. माझ्या आत्याने स्वतः कळवलंय." मला वाटलं होतं घड्याळबाई आता उट्टं काढणार. तिने स्टॉपवॉच गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माझा कान पहिल्या मुलाच्या वेळी चार महिन्यांत बाद झाला होता. मी सही करूनसुद्धा टाकली होती. ते मूल वर्गात सहा महिने एक अक्षर बोललं नाही." मग म्हणाली, "आत्यांना माझा नमस्कार कळवा. स्वतःचं चुकलेलं माप कळवणारी माणसं कमी असतात." नमस्कार पोचवलाय, आता फुशारून जाऊ नकोस.

तेव्हापासून मी खरी शिकायला लागले. तंत्र ऐकायला सोपं आहे. शब्द थोडे घ्यायचे, पण एकेक पुष्कळ वेळा. आधी मुलाने माझ्या तोंडाकडे बघत माझ्याबरोबर म्हणायचं, अगदी सावकाश. मग मी आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचे. मग तेही बंद. आणि मग थांबायचं. ते थांबणं मला जमेना! ते टक्कलवाले गृहस्थ आणि मी जोडीने सराव करतो, ते मूल होतात. मी मधे बोलले की ते टेबलावर पेन्सिल आपटतात. पहिल्या दिवशी पेन्सिल मोडली. काल अर्ध्या तासात मी त्यांना शहाण्णव संधी दिल्या आणि स्वतः सहा मिनिटं बोलले.

मुख्याध्यापिकांना खरं काय ते कळवलं. ऑगस्टपर्यंत जागा रिकामी ठेवते म्हणाल्या. फौजदाराच्या आईला फोनवर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवून दिला. ती तुझ्याकडे येईल. येऊ दे, ऐकून घे. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी
टकळी


८ फेब्रुवारी

टकळे,

आली होती. लेकीला बरोबर घेऊन. मी फौजदाराला पहिल्यांदाच पाहिलं. एवढीशी आहे, पण आल्या आल्या बोट दाखवून मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली.

आई मात्र पेटलेली होती. "दीड वर्ष ताई छान छान म्हणत होत्या, आता एकदम काय बिनसलं? माझ्या मुलीला सगळं येतं. तिचा शब्दन् शब्द मला कळतो."

मी म्हटलं, "मलाही कळतो. तिथेच तर घोळ झालाय." आणि माझा पराक्रम तिला सांगितला, अकरा खेपांसकट. तिने मला जे काही सुनावलं ते मी निमूट ऐकून घेतलं. तू सांगितलं होतंस तसं तुझी बाजू घेतली नाही. स्वतःची तर कुठल्या तोंडाने घेणार?

आमचं हे चाललेलं असताना पोरगी स्टुलावरून उतरली आणि शेजारी बटणवाल्याकडे गेली. त्याच्याकडे सगळे खण बंद असतात, बोट दाखवायची सोय नाही. तिने तोंडाने मागितलं. काय मागितलं ते आम्हा दोघींना इथे दारात उभ्यानेसुद्धा कळलं. तो म्हणाला, "पुढचा!" तिने तेच पुन्हा मागितलं, जरा मोठ्याने. "पुढचा!" तिच्या मागे कुणीही नव्हतं. ती परत आली, आईच्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि उभी राहिली. आईने तिला उचलून घेतलं. रडली असं म्हणणार नाही, पण नाक पुसलं.

जाताना दारात थांबून विचारलं, "ताई कधी येतात?" म्हटलं, वीस तारखेला. "मग एकवीसला पहिला नंबर आमचा लावायला सांगा."

लावलाय. तुझ्या वहीत मीच लिहून ठेवलं.

आत्या


१२ जुलै

प्रिय आत्या,

पाच महिने समोरासमोर भांडून झाल्यावर आज पुन्हा कागद. प्रशिक्षणाच्या शेवटच्या पंधरवड्यासाठी आम्ही बाराही जण परत आलोय. टक्कलवाल्यांनी भेटल्या भेटल्या मला नव्या पेन्सिलींची पेटी दिली.

घड्याळबाईला माझे कागद दाखवले. फौजदाराला फेब्रुवारीत अर्ध्या तासात साठ संधी, आता दीडशेच्या आसपास. ती फक्त "हं" म्हणाली. तिच्या भाषेत तो सत्कार असतो. तुझी ती थट्टाही मी वर्गात सांगितली. तू माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली होतीस ना, "टकळीचा आवाज नाही! घरात कुणी आजारी आहे का?" सगळे हसले, आणि मग प्रत्येकाने आपापल्या घरचं तेच सांगितलं.

आता शेवटची परीक्षा. या वेळी रेकॉर्डिंग नाही, खरी जागा हवी आणि खरा तिऱ्हाईत हवा. त्याने एकदाच ऐकायचं आणि ऐकलेलं आपल्या हाताने लिहायचं. मी तिथे असायचं नाही, कारण माझ्या चेहऱ्याकडे बघून पोरीला सगळं कळतं. माझा कान बाद, तिच्या आईचा बाद, तुझा तर अकरा वेळा बाद. तेव्हा माणूस तूच शोध. त्याला काही सांगू नकोस, तिला काही पढवू नकोस. त्याला लिहायला कागद कसा द्यायचा ते तू बघ.

खरं सांगू? शब्दांची मला काळजी नाही. आता ती थांबते, जुळवते आणि म्हणते. नाव मात्र अजून डळमळतं. पाच आठवडे आम्ही दुसरं काही घेतलं नाही, तरी दहातून सहा वेळा नीट निघतं, अनोळखी माणसापुढे किती निघेल देव जाणे. पण वर्गात पहिल्या दिवशी बाई काय विचारतात? नावच विचारतात. ते तिला सांगता आलं तर पुढचं ती बघून घेईल, तेवढी ती खमकी आहे.

शाळेचं पत्र बॅगेत आहे. कागदावर येईल ते कळव. पाच आले तर पाच.

तुझी
टकळी


१७ जुलै

टकळे,

आधी सांगते: मी काही केलं नाही. शपथ. करायचं म्हटलं तरी करता आलं नसतं, कारण माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मुद्दाम धरल्या होत्या, आठ.

फौजदाराचा शाळेचा फ्रॉक मी शिवायला घेतलाय. अजून सहीचा पत्ता नाही आणि फ्रॉक कशाला, असं तिच्या आईनेही विचारलं. म्हटलं, कापड आहे, पोरगी आहे, शिवतेय. आज तो अंगावर चढवून बघितला. आईला म्हटलं, तू आत जाऊन चहा टाक. मग फौजदाराला सांगितलं, "बटणं राहिलीत. तुला हवी ती तूच माग, शेजारी." एवढंच. कसली, किती, काही नाही. तिला काय हवंय ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर टाचण्या तोंडात धरल्या आणि एका गिऱ्हाइकाचा कोट घेऊन दारात उभी राहिले.

ती कच्च्या टाक्यांचा फ्रॉक घालून तशीच गेली. बटणवाला काहीतरी निवडत होता. मान वर केली नाही.

ती म्हणाली, "मोठी बटणं. पिवळी. चार."

तो म्हणाला, "पिवळ्यात मोठी नाहीत. केशरी आहेत."

टकळे, हे मी धरलंच नव्हतं. तो देईल किंवा "पुढचा" म्हणेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो उलट बोलेल आणि तिला उत्तर द्यावं लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनी! ती गप्प. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. तिने ओठ जुळवले, सोडले. चार. पुन्हा जुळवले. पाच. त्याने खण ढकलून बंद केला. सहा.

"नको," ती म्हणाली. "पिवळीच."

"मग परवा," असं म्हणून त्याने चिठ्ठी ओढली, लिहिली, आणि विचारलं, "नाव?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी कोटाच्या अस्तरात अशी काही डोकं घालून उभी राहिले की विचारू नकोस. टाचण्या नसत्या तर ओरडून सांगितलं असतं, खरंच सांगते. माझ्याकडून काही मिळणार नाही हे बघून ती परत त्याच्याकडे वळली. मी या वेळी मोजलं नाही, मोजणं सुचलंच नाही. तिने नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर टाचून टाचून, पण अख्खं. त्याने लिहिलं. पुन्हा विचारलं नाही. चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि परत निवडायला बसला.

ती आत आली आणि आईला म्हणाली, "परवा." आई मोरीच्या पडद्याआडून सगळं ऐकत होती, चहा उतू गेला होता. त्यानंतरचं लिहीत नाही. आम्ही दोघी रडत होतो आणि पोरगी बोट दाखवून बिस्किटांचा डबा मागत होती. मी म्हटलं, "तोंडाने माग, फौजदार." मागितला.

मग मी बटणवाल्याकडे गेले आणि ती चिठ्ठी मागितली. तो म्हणाला, "खिळ्यावरची चिठ्ठी मी देत नाही."

"माझ्या भाचीला दाखवायचीय."

त्याने चिठ्ठी काढून उलटसुलट बघितली. "यात काय आहे दाखवण्यासारखं? बटणांची चिठ्ठी आहे."

वीस वर्षांत तो माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलला. मी हात पुढे धरूनच ठेवला. शेवटी त्याने स्वतःसाठी दुसरी लिहिली आणि ही मला दिली. सोबत जोडलीय. मधे खिळ्याचं भोक आहे, ते तसंच असू दे. घड्याळबाईला दाखव, पहारेकऱ्यालाही दाखव.

वर लिहिलंय: पिवळी बटणं, मोठी, चार, परवा. त्याखाली तिचं नाव आहे. मी ते माझ्या पत्रात लिहीत नाही, त्याच्याच अक्षरात वाच. एक वेलांटी चुकलीय, पण ती चूक त्याची आहे, तिची नाही.

आता सही कर.

तुझी
आत्या